जादाबाईंची जीभ

जादाबाईंना आयुष्यात एकदाच कुणी गप्प बसवलं, आणि तेही एका अकरा वर्षांच्या पोरीनं. त्यांच्या आईला ते कधी जमलं नाही. सासूनं सुरुवातीला नेटानं प्रयत्न केला आणि मग ती स्वतःच गप्प बसायला शिकली. नवरा तर त्या भानगडीतच पडला नाही. त्याचं सलून. दिवसभर गिऱ्हाइकांची बडबड ऐकायची सवय असलेल्या माणसाला संध्याकाळी घरात एक बडबड आणखी झाली तर काय फरक पडतो? उलट सलूनमधल्या बातम्या घरी आणि शाळेतल्या बातम्या सलूनमध्ये अशी देवाणघेवाण सुखानं चालू होती. पेठेतलं कुणाचं लग्न मोडलं हे मुलीकडच्यांना कळायच्या आत ह्या दोघांना कळत असे, असं लोक म्हणत. लोक थोडं कमीच सांगत.

जादाबाई हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. शाळेत जो 'जादा वर्ग' भरे तो त्यांच्याकडे, म्हणून त्या जादाबाई. कुणी आजारपणात वर्ष घालवलेलं, कुणी घरी धाकटी भावंडं सांभाळत बसलेलं, कुणाच्या बापाचं काम आज इथं तर उद्या तिथं, कुणाच्या घरात शाळेत गेलेलं हेच पहिलं माणूस. अशी मागं पडलेली दहा-बारा पोरं निवडून वर्षभर ह्या वर्गात बसवायची, वाचन आणि गणित पक्कं करून घ्यायचं, आणि वर्षाअखेरी तपासनीस येऊन 'झालं बरोबरीचं' म्हणाला की सहावीच्या मोठ्या वर्गात पाठवून द्यायची, अशी ती योजना. कागदावर तिला लांबलचक नाव होतं. पोरं नुसतं 'जादात बसतो' म्हणत, आणि हे म्हणताना खाली बघत.

ही नेमणूक बाईंना बक्षीस म्हणून मिळालेली नव्हती. त्या आधी इतर बाईंसारख्याच मोठा वर्ग घ्यायच्या. पण एका सभेत, मुख्याध्यापक भाषण करत असताना, मागच्या रांगेत त्यांनी त्याच भाषणाची नक्कल केली, आणि टाळ्या मागच्या रांगेत जास्त पडल्या. पुढच्या वर्षी बाईंचं सामान मागच्या खोलीत. एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला सहावीचा वर्ग, मध्ये ही चिंचोळी खोली. आधी तिथं मोडके बाक ठेवत. पंखा फिरताना असा काही कण्हायचा की त्याला सुट्टी द्यावीशी वाटे. टाकी भरायला लागली की पाण्याच्या आवाजात शिकवणं थांबवावं लागे.

बाई पाय आपटतच तिथं गेल्या. आणि गेल्या त्या रमल्या. कारण हक्काचा प्रेक्षक मिळाला.

नक्कल हे त्यांचं खरं हत्यार. धडा वाचायचा तर त्यातला म्हातारा दमेकरी आवाजात, पोलीस पोट पुढं काढून, आणि शेळी असली तर शेळीसुद्धा. जी पोरं चारचौघांत तोंड उघडत नसत, ती शेळी होण्यासाठी भांडायची, आणि शेळीचं वाक्य वाचता यावं म्हणून गुपचूप अक्षरं घोटायची. भागाकार शिकवताना बाई चिक्कू आत्या व्हायच्या आणि बिस्किटं वाटताना बाकी उरलेलं आपल्या पदरात टाकायच्या. बाकी म्हणजे काय ते त्या वर्गात एकाही पोराला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दुसरी त्यांची खोड अशी की चूक झाली तर त्या रागवायच्या नाहीत, तिची चौकशी करायच्या. "आलीस कुठून गं बाई तू? कुणाची तू?" असं चुकीलाच विचारायच्या, आणि पोराबरोबर एकेक पायरी मागं जात ती जिथं जन्मली तिथं पोचायच्या. "चुकीला आईबाप असतात," त्या म्हणत. "ते सापडले की ती परत येत नाही."

आता अशा माणसाला शिकवता शिकवता जरा हसू पिकवायची हाव सुटली तर नवल नाही. पोरांनी दोन पानं नीट वाचली की ती बक्षीस मागायची, आणि बक्षीस ठरलेलं असे: इस्त्रीबाई.

इस्त्रीबाई म्हणजे पलीकडच्या सहावीच्या वर्गाच्या बाई. हे नावही जादाबाईंनीच ठेवलेलं. त्यांच्या कपड्यांच्या घडीवर सुरीला धार लावता आली असती. मान ताठ, आवाज एका पट्टीत, आणि कुणी काही दाखवलं की चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "हे तुम्हांला कोणी शिकवलं?" जादाबाई पाठीत फूटपट्टी खोचून खोलीत येरझारा घालायच्या, अख्खं अंग वळवून एकेकाकडे बघायच्या आणि तोच सूर लावायच्या. पोरं बाकावरून गडगडायची. मग बाईंना चेव यायचा. "अरे, त्यांच्या वर्गात पेन्सिलसुद्धा आधी परवानगी मागते, मग पडते! पाल भिंतीवर असली तर ती सरळ रेषेत चालते! त्या शेवटच्या हसल्या ना, तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते!"

ह्या खेळात सगळ्यात मोठ्यानं हसायची ती 'वकील'. हेही नाव बाईंचंच. रंगाऱ्याची पोर. बाप जिथं नवी इमारत रंगवायला घेईल तिथं ह्यांचा संसार, त्यामुळे तिसरी शाळा चालू होती आणि एकाही शाळेत तिचा बाक तिला ओळखू लागण्याइतकी ती टिकली नव्हती. आली तेव्हा एक ओळ सलग वाचता येत नव्हती, पण वाद घालता येत होता. "बाई, शून्याला किंमत नाही म्हणता, मग ते लिहायचं राहिलं तर गुण का कापता?" बाईंनी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "एक पोरगी आलीय, मला पुरून उरेल." वर्षभरात ती वाचायला लागली. रंगाचे थेंब पडू नयेत म्हणून बाप फरशीवर जुनी वर्तमानपत्रं पसरायचा, ही गुडघ्यांवर रांगत फरशीभर बातम्या वाचत जायची, आणि रंगानं झाकलेले शब्द स्वतःच्या मनानं भरायची.

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना तपासनीस आले. हाडकुळा, सभ्य माणूस, स्वतःचे खडू स्वतःच्या डबीतून आणणारा. एकेका पोराला आत बोलवायचं, थोडं वाचून घ्यायचं, फळ्यावर दोन उदाहरणं घालायची. वर्गाच्या बाईंनी तोवर बाहेर थांबायचं असा नियम. जादाबाई बाहेर थांबल्या, पण खिडकीला लागून. नियमात खिडकीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

आणि त्यांनी जे ऐकलं त्यानं त्यांचे कान तापले. शेळीचा मान मिळावा म्हणून रडणारं पोर शब्दाशब्दाला ठेचकाळत होतं. दुसरं आकडे उलटे वाचत होतं. शेवटी वकील. तिनं "घ... रा... च्या..." एवढं काढायला इतका वेळ घेतला की तेवढ्यात बापानं भिंत रंगवली असती. चौऱ्याऐंशी भागिले चार ह्याचं उत्तर तिनं सतरा काढलं. बाई खिडकीतून फळ्याकडे बघत राहिल्या. सतरा? कुठून आले सतरा? त्यांनी मनातल्या मनात एकेक पायरी मागं जाऊन बघितलं. ह्या चुकीला आईबाप नव्हते. उचलून आणून ठेवल्यासारखी होती.

मोठ्या सरांनी, म्हणजे त्याच भाषणवाल्या मुख्याध्यापकांनी, संध्याकाळी बोलावलं.

"बाई, वर्षभर केलंत काय?"

"शिकवलं, सर."

"पोरं सुरुवातीला होती त्याच्याही मागं गेलीत. ह्याला शिकवणं नाही म्हणत, ह्याला रिव्हर्स गिअर म्हणतात." मग जरा मऊ होऊन, "वर विचारतायत, वर्ग चालवायचा कशाला. बंद केला तर ही पोरं अशीच सहावीत जाऊन मागच्या बाकावर बसतील, आणि पुढच्या वर्षीची निवडायचीच नाहीत. तपासनीस पंधरा दिवसांनी गैरहजर मुलांसाठी परत येणार आहेत. मी विनंती करून सगळ्यांना पुन्हा बसवतो. पण तेव्हाही हेच झालं तर माझ्या हातात काही नाही."

त्या रात्री जादाबाईंनी जेवताना शाळेतली एकही बातमी सांगितली नाही. सलूनवाल्यांनी दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी सकाळी रंगारी केस कापायला आला. तो आला की सलूनवाल्यांना कात्रीआधी रॉकेलचा बोळा घ्यावा लागे, इतके शिंतोडे डोक्यात. दुपारी सलूनवाले आत आले, वस्तरा पुसत म्हणाले, "अगं, तुझ्या वकिलाचा बाप आला होता. मला म्हणतो, 'मंडळी कशी शिकवते हो तुमची? पोरगी घरी धाकट्याला भागाकार शिकवते, चुकला तर टपली मारते, आणि शाळेत म्हणे हिलाच येत नाही!'"

बाई ताठ बसल्या. "आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, परवा जिना रंगवत होता तर वरच्या पायऱ्यांवर तुझी सगळी फलटण. सभाच भरलेली. आणि त्याची कन्या अध्यक्ष. म्हणत होती, 'जो पास होईल तो इस्त्रीबाईंकडे जाईल. बघा बुवा ज्याचं त्यानं.' त्याला वाटलं, पोरांचा खेळ आहे." सलूनवाल्यांनी वस्तरा मिटला. "अगं, ही इस्त्रीबाई म्हणजे तीच ना, जिची तू..."

"तीच," बाई म्हणाल्या.

सोमवारी सुट्टीत त्यांनी वकिलाला टाकीपाशी गाठलं. टाकीच्या कठड्यावर दोघी बसल्या.

"खरं सांग. परवा चुकलीस कशी?"

"चुकले, बाई. तुम्हीच म्हणता चुकायला घाबरायचं नाही."

"चुकली नाहीस तू. चुकवलंस. आणि सगळ्यांना चुकवायला लावलंस."

पोरगी भिंतीला टाचा मारत राहिली. मग म्हणाली, "त्यांच्याकडे पेन्सिलसुद्धा विचारून पडते. मला तर काहीच येत नाही विचारून करायला."

"अगं वेडे, ती गंमत होती!"

"आम्हांला कसं कळणार गंमत कुठली आणि खरं कुठलं? आम्ही त्यांना कधी बघितलंय, बाई? आम्ही तुम्हांलाच बघितलंय त्यांच्या जागी."

इथं जादाबाई गप्प झाल्या. तोंड उघडलं, पण आत काही नव्हतं. टाकी भरत होती म्हणून बरं, निदान पाण्याचा आवाज तरी होता.

मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. वर्ग बंद होणार. ही खोली परत बाकांची होणार.

"मग आम्ही कुठं जाणार?"

"सहावीत. इस्त्री... त्याच बाईंकडे."

वकिलाचा चेहरा पडला. एवढा एक मुद्दा तिच्या युक्तिवादातून सुटला होता. "म्हणजे पास झालं तरी तिथंच आणि नापास झालं तरी तिथंच?"

"हो. फक्त पुढच्या वर्षी तुझ्यासारखं कुणी आलं, तर त्याला ही खोली नसेल."

"मी पास होईन," ती म्हणाली. "पण बाकीचे नाही होणार. मी त्यांना फार घाबरवलंय."

"तू नाही," बाई म्हणाल्या. "तू नुसतं माझं ऐकून सांगितलंस."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या. इस्त्रीबाई एकट्याच बसून बिनसाखरेचा चहा पीत होत्या. घडी सकाळी होती तशीच.

"बसा."

"उभीच बरी. माफी मागायला आलेय."

"कशाची? नकलेची?"

जादाबाईंना ठसकाच लागला. "तुम्हांला माहीत आहे?"

"आपल्या दोघींच्या वर्गांमध्ये एकच भिंत आहे, बाई. आणि ती ठेकेदारानं बांधली आहे." इस्त्रीबाईंनी कप खाली ठेवला. "तुमच्याकडे हशा पिकला की माझी मुलं माझ्याकडे चोरून बघतात. मग मी थोडा वेळ फळ्याकडे तोंड करते."

"इतकी वर्षं कधी बोलला नाहीत!"

"काय बोलणार? जमते तुम्हांला."

ह्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बाईंना परवडलं असतं. त्यांनी सगळं सांगितलं. जिना, सभा, चुकवलेले भागाकार, बंद होणारी खोली. काही लपवलं नाही. पेन्सिलीचं सांगितलं, पालीचं सांगितलं, फ्रॉकचं मात्र जरा पुटपुटत.

इस्त्रीबाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्याकडे यायला नको म्हणून पोरं नापास झाली."

"माझ्यामुळे."

"अर्धी तुमच्यामुळे. उरलेली अर्धी माझी कमाई असणार. माझ्याच वर्गातली पोरंही मला काही विचारायला येत नाहीत." त्या उठल्या, कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. "उद्या मी येते तुमच्या खोलीत. पण एका अटीवर. नक्कल करायची. माझ्यासमोर."

"नको हो, बाई!"

"मला भिंतीतून नुसतं ऐकू येतं. बघायची राहिली आहे."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीबाई दारातून आत आल्या आणि पोरं अशी चिडीचूप झाली की पंख्याचं कण्हणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्या शेवटच्या बाकावर पोरांबरोबर जाऊन बसल्या. जादाबाईंनी पाठीत फूटपट्टी खोचली. दोन पावलं टाकली. आवाज फुटेना. मुख्याध्यापकांच्या भाषणात न डगमगलेली बाई, घाम पुसत उभी राहिली.

"मान चुकतेय," शेवटच्या बाकावरून आवाज आला, एकाच पट्टीत. "मान नुसती ताठ नाही. डावीकडे वळत नाही, उजवीकडे वळते. दुखणं आहे जुनं. म्हणून डावीकडच्या मुलांसाठी मी अख्खी वळते. नक्कल करायची तर नीट करा."

जादाबाईंनी मान उजवीकडे वळवून पाहिली.

"आता बरं," इस्त्रीबाई म्हणाल्या. "आणि 'हे तुम्हांला कोणी शिकवलं' हे तुम्ही तोडून म्हणता तसं मी म्हणत नाही. मी भराभर म्हणते."

कुठूनतरी एक 'खिक्' झालं. मग वकील उठली. उलटतपासणी सुरू.

"तुमच्या वर्गात पेन्सिल पडली तर काय होतं?"

"टोक मोडतं."

"परवानगी लागते?"

"कोणाला? तुला की पेन्सिलीला?"

आता दोन-तीन ठिकाणी हसू फुटलं. वकील हसली नाही. ती कामात होती. "गणित चुकलं तर?"

"परत करायचं."

"परत चुकलं तर?"

"परत. मी ओरडतेही. ते तुमच्या बाईंनी खोटं सांगितलेलं नाही."

"जादावाल्यांना मागं बसवता?"

"उंचीप्रमाणे बसवते. उंच असलीस तर मागं." इस्त्रीबाईंनी तिच्याकडे बघण्यासाठी अख्खं अंग वळवलं, कारण ती डावीकडे होती. "तू पुढंच येशील."

पोरगी खाली बसली. शेजारच्याच्या कानात काहीतरी म्हणाली, त्यानं पुढच्याच्या कानात. काय ते जादाबाईंना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. विचारलं नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट.

तपासनीस आले. पुन्हा तीच डबी, तेच खडू. जादाबाई ह्या खेपेला खिडकीपाशी गेल्या नाहीत; मैदानाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, आणि शिपायाशी त्याच्या मेव्हण्याविषयी बोलत राहिल्या, त्यातलं त्यांना एक अक्षर आठवत नाही. तपासनीस बाहेर आले ते चष्मा पुसत. पंधरा दिवसांत असं काय शिकवलंत, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. बाई म्हणाल्या, "मी नाही, दोघींनी मिळून." ते त्यांनी लिहून घेतलं आणि त्यांना काहीही कळलं नाही. दोन पोरं खरोखरच चुकली, पण त्या चुकांना आईबाप होते, आणि ती अजून वर्षभर बाईंकडेच राहणार हे ठरलं. वर्ग वाचला. मोठ्या सरांनी सभेत स्वतःचं अभिनंदन केलं.

गावभर गोष्ट पसरली ती मात्र बाईंच्या तोंडून नव्हे. स्वतःवरचीच गंमत त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितली. त्यानं ती एकेका दाढीगणिक वाटली.

मग तो दिवस आला. पोरं दप्तरं घेऊन निघाली. नाचत गेली, शेळीसारखी ओरडत गेली. वकील तेवढी उंबऱ्यात अडली.

"बाई, तिथं नाही जमलं तर परत येऊ?"

बाईंच्या जिभेवर 'ये गं' आलंच होतं. ती जीभ कधी कुठल्या शब्दाला नाही म्हणाली नव्हती. त्यांनी तो शब्द गिळला.

"नाही. सुट्टीत ये. वाद घालायला ये. बसायला नाही."

"म्हणजे दार बंद?"

"दार उघडं. बाक दुसऱ्याचा."

पोरीनं ह्यावर काही मुद्दा शोधून पाहिला. नव्हता. तिनं दप्तर खांद्यावर नीट केलं आणि गेली. पलीकडच्या दाराशी पोचेपर्यंत तिनं एकदाही मागं पाहिलं नाही, आणि बाई ते सगळं अंतर बघत राहिल्या.

दुपारी त्या सलूनमध्ये शिरल्या आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर बसल्या. खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाला फेस लागलेला होता, त्यामुळे तो काही बोलू शकत नव्हता. सलूनवाल्यांनी आरशातूनच विचारलं, "गेली?"

"गेली."

"रडारड झाली का?"

"ती? ती कशाला रडेल?"

"तिचं नाही विचारत," ते म्हणाले, आणि वस्तऱ्याला धार लावायला लागले.